शकाराचा वारसा

आपल्या रंगभूमीवर, बोलपटांत आणि आतां दूरचित्रवाणीवरील विनोदी कार्यक्रमांत ‘गुरखा’ हें पात्र प्रवेश करितें, तें बहुधा एकाच शब्दाच्या आधारावर. तो शब्द म्हणजे ‘शाब’. डोक्यावर तिरपी टोपी, हातांत दांडा आणि तोंडीं ‘शाब’ किंवा ‘शाबजी’, एवढें भांडवल जमलें कीं लेखकाला पुढें कांहीं लिहावें लागत नाहीं आणि नटाला पुढें कांहीं करावें लागत नाहीं. हंशा पिकतो, गुरखा सलाम करून निघून जातो आणि नाटक मूळ पदावर येतें. आमच्या मध्यमवर्गीय घरांशीं नित्य संबंध येणारा परदेशी नोकर असा हा जवळजवळ एकटाच. वाड्यांच्या जागीं सोसायट्या आल्या तेव्हांपासून त्याचा आपला परिचय रोजचा आहे. असें असून वाङ्मयांत त्याच्या वांट्याला एक शब्द यावा, आणि तोहि चुकीचा यावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

‘चुकीचा’ हें विशेषण जाणूनबुजून योजिलें आहे. नेपाळी भाषा आपल्याच देवनागरींत लिहिली जाते आणि तिच्या वर्णमालेंत श, ष, स हे तिन्ही ऊष्मवर्ण आहेत. परंतु बोलण्यांत सर्वसाधारण नेपाळी माणूस तिहींचाहि उच्चार ‘स’ असाच करितो. ‘शहर’ या फारशी शब्दाचें तर त्यांच्याकडे लिहिण्यांतहि ‘सहर’ झालें आहे, आणि ‘शर्मा’ आडनांवाचा गृहस्थ तोंडानें ‘सर्मा’च असतो. तेव्हां ‘साहेब’ शब्दांतला मुळचा ‘स’ टाकून मुद्दाम ‘श’ म्हणण्याचें या मनुष्याला कांहींच कारण नाहीं. चूक व्हावयाचीच झाली तर ती त्याच्या तोंडून नेमकी उलट्या बाजूनें होईल. ऊष्मवर्णांचा सरसकट ‘श’ करण्याची संवय आहे ती बंगाली बोलण्याला. म्हणजे आमच्या नाटककारांनीं एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर घातली आणि प्रेक्षकांपैकीं कोणालाहि तें खटकलें नाहीं. ज्या माणसाशीं आपण रोज दोन शब्द बोलतों त्याचे ते दोन शब्द आपण ऐकतच नव्हतों, असा याचा सरळ अर्थ होतो.

मग हा ‘श’ आला कोठून? सरळ वंशावळ मांडतां येईल असें मी म्हणत नाहीं. परंतु ‘स’च्या जागीं ‘श’ ऐकूं आला कीं हंसावयाचें, ही खूण आपल्या नाट्यपरंपरेंत फार जुनी आहे. शूद्रकाच्या ‘मृच्छकटिकां’तील राजाचा मेव्हणा संस्थानक याला ‘शकार’ हें नांवच मुळीं या वर्णावरून पडलें. तो बोलतो ती मागधीची एक पोटभाषा; आणि मागधींत ऊष्मवर्णांचा ‘श’ व ‘र’चा ‘ल’ होतो. ‘शाकुंतलां’त ज्याला अंगठी सांपडते तो धीवरहि मागधीच बोलतो. संस्कृत नाटकांत राजा आणि मंत्री संस्कृत बोलतात, स्त्रिया आणि सेवक प्राकृत बोलतात, आणि तरीहि सगळ्यांचें सगळ्यांस कळतें, हा संकेत आम्ही कॉलेजांत इतक्या वेळां शिकवितों कीं त्यांतील आश्चर्य नाहींसें होऊन गेलें आहे. व्यवहारांत जेथें धनी आणि चाकर यांची भाषा वेगळी असते तेथें पहिली अडचण न कळण्याची असते. संस्कृत नाटककारांनीं ती अडचणच काढून टाकली आणि भाषाभेद केवळ दर्जा दाखविण्यापुरता ठेविला.

पण शूद्रक हा संकेतांत राहून संकेताशीं खेळणारा नाटककार होता. मागधी बोलणारीं पात्रें त्याच्या नाटकांत आणखीहि आहेत. शकाराचा गाडीवान स्थावरक हा त्यांतलाच. धनी आणि चाकर या दोघांच्या तोंडीं एकच ‘श’ आहे. परंतु शकार तोंड उघडतो तेव्हां रामायण-महाभारतांतील नांवांची खिचडी होते, कोणाची बायको कोणाच्या पदरांत पडते, आणि राजाच्या जोरावर मिरविणारा हा मूर्ख आपल्याच शब्दांत अडकतो. स्थावरकाला वसंतसेनेला ठार मारण्याची आज्ञा होते तेव्हां तो परलोकाच्या भयानें ती नाकारतो. पुढें चारुदत्ताला वधस्थानीं नेत असतां कोंडलेल्या माडीवरून उडी टाकून खरें काय तें ओरडून सांगतो. त्या वेळीं त्याच्या ‘श’कडे कोणाचें लक्षहि जात नाहीं. वर्ण तोच, हंसें होतें तें धन्याचें. देवलांनीं हें नाटक मराठींत आणिलें त्याला शंभरांवर वर्षें होऊन गेलीं, शकार हें पात्र मराठी रसिकांनीं डोक्यावर घेतलें. परंतु त्यांतील हा धडा आपण घेतला नाहीं. आपण ‘श’ तेवढा उचलला आणि तो गाडीवानाच्या माथीं मारला.

त्याच नाटकाच्या सहाव्या अंकांत याहूनहि नवलाचा प्रसंग आहे. कारागृहांतून निसटलेला आर्यक चारुदत्ताच्या झांकलेल्या गाडींत चढून बसला आहे; गाडी हांकणाऱ्याची समजूत अशी कीं आंत वसंतसेना आहे. रस्त्यावर वीरक आणि चंदनक हे दोन अंमलदार येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या तपासीत उभे आहेत. चंदनक आंत डोकावतो, आर्यकाला ओळखतो, त्याला अभय देतो आणि बाहेर येऊन सांगतों सांगतों म्हणतां ‘आर्य’ असें पुल्लिंगी बोलून जातो. लगेच सांवरून ‘आर्या’ म्हणतो. वीरकाला संशय येतो. त्यावर चंदनकानें दिलेला खुलासा मोठा मासलेवाईक आहे. आम्ही दक्षिणेकडचे लोक, आमचें बोलणें अस्पष्ट. नाना म्लेच्छ जातींच्या भाषा आम्हांला अवगत, तेव्हां लिंगाचा घोटाळा व्हावयाचाच, अशा अर्थाचें तो बोलतो आणि त्या जातींची एक लांबलचक यादी घडाघडा म्हणून दाखवितो. परक्या माणसाच्या मोडक्या व्याकरणाला राजधानींतले लोक हंसतात हें त्याला पक्कें ठाऊक आहे, आणि त्या हंसण्याआड तो एका माणसाचा जीव लपवितो. चूक खरी होती कीं मुद्दाम होती, हें वीरकाला ठरवितां येत नाहीं. मग भांडण, लाथ, आणि तेवढ्यांत गाडी पुढें निघून जाते.

रस्त्यावर उभा राहून गाड्या अडविणारा हा दाक्षिणात्य शिपाई म्हणजे आजच्या फाटकावरील पहारेकऱ्याचा धंद्यानें सगोत्रच. आणखी एक योगायोग सांगण्यासारखा आहे. चंदनकाच्या त्या यादींत पहिलें नांव आहे तें ‘खस’ लोकांचें. नेपाळी भाषेचें जुनें नांव ‘खस कुरा’, म्हणजे खसांची बोली. शूद्रकाच्या उज्जयिनींत खस आणि द्रविड एकाच म्लेच्छांच्या यादींत बसले होते. त्या यादींत दक्षिणेकडचे आपणहि फार दूर नव्हतों.

मराठी लेखकाला कान नाहीं असें मात्र कोणी म्हणूं नये. पु. ल. देशपांडे यांच्या ‘रावसाहेबां’चें उदाहरण सर्वांस माहीत आहे. बेळगांवकडच्या त्या गृहस्थाच्या मराठींत कानडीच्या संसर्गानें लिंगांची अदलाबदल होते, शिव्यांची पखरण होते, आणि तरीहि वाचक त्यांच्यावर जीव टाकितो. लेखकानें तें बोलणें नीट ऐकलें आहे. त्यांतील प्रत्येक चूक कानडीच्या नियमानें झालेली चूक आहे, मनास येईल तशी नव्हे. पण रावसाहेब हे आपल्या बरोबरीचे, मैफलींत शेजारीं बसणारे. कान देण्याइतका वेळ आपण कोणाला देतों, हें यावरून दिसतें.

गुरख्याच्या बाबतींत तर आणखी एक गंमत आहे, आणि ती नाटककारांच्या नजरेंतून पार सुटली आहे. आपण त्याच्याशीं मराठी बोलतच नाहीं. तो दिसला कीं आपल्या तोंडीं हिंदी येतें. तेंहि कसलें, तर ‘मेरेको’ आणि ‘करनेका’ या थाटाचें. तोहि हिंदीच बोलतो, आणि तेंहि त्याचें नव्हे. अछाम, डोटी, बझाङ असल्या पश्चिम नेपाळच्या डोंगराळ भागांतून मुंबईस येणाऱ्या कित्येकांच्या घरची बोली काठमांडूच्या नेपाळीहूनहि निराळी असते. म्हणजे फाटकाच्या दोन्ही बाजूंना उभीं असलेलीं माणसें एका तिसऱ्याच भाषेंत, दोघेहि सारखींच लंगडत, पाण्याच्या टँकरविषयीं आणि गाडी लावण्याविषयीं बोलत आहेत. नाटकांत मात्र लंगडतो तो एकटा गुरखा. घरमालकाचें हिंदी तेथें शुद्ध होऊन येतें, किंवा तें अशुद्ध आहे हें कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. विनोदाचें खरें खाद्य या दुहेरी लंगडण्यांत होतें, तें टाकून आपण ‘शाब’वर तहान भागविली.

आदरार्थाचा प्रश्न याहून बारीक आहे. नेपाळींत समोरच्या माणसाला हांक मारण्याच्या पायऱ्या आहेत: ‘तँ’, ‘तिमी’, ‘तपाईं’, आणि त्याहि वर ‘हजुर’. कोणत्या पायरीवर कोणाला उभें करावयाचें, याची जाण तेथल्या पोरालाहि लहानपणापासून असते. असा मनुष्य आपल्याकडे येतो आणि पन्नाशीच्या वयांत विशींतल्या मुलाकडून ‘ए गुरखा, इधर आ’ असें ऐकतो. त्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. ‘बहादूर’ म्हटलें कीं काम भागतें. भाषा येत नाहीं म्हणून त्याला हें कळत नसेल, अशी आपली समजूत आहे. व्याकरणांतला हा एक भाग कोणत्याहि परक्याला सर्वांत आधीं कळतो. येथें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ज्याला आपण सरसकट गुरखा म्हणतों तो परदेशी असतोच असें नाहीं. दार्जिलिंगचा किंवा सिक्कीमचा नेपाळीभाषी मनुष्य आपल्याइतकाच भारतीय नागरिक, आणि त्याची भाषा 1992 पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत आहे. आणि नेपाळांतून येणाऱ्यालाहि 1950 च्या तहानें येथें राहण्याची व कामधंदा करण्याची मुभा आहे. कायद्यानें दार उघडें ठेविलें. नाटकानें त्या दारांत एक कळसूत्री बाहुली उभी केली.

इंग्रजांच्या विनोदांत हें पात्र फार मुरलेलें आहे. शेक्सपिअरच्या ‘मेरी वाइव्ज ऑफ विंझर’मधील फ्रेंच वैद्य कायस हा त्याचा एक जुना मासला; रोगी इंग्रज, वैद्य परका, आणि हंशा वैद्याच्या उच्चारांवर. परंतु या जातीच्या विनोदाची सर्वांत उत्तम कृति मला विचाराल तर ती रंगभूमीवरची नसून ‘फॉल्टी टॉवर्स’ ही बी. बी. सी.ची मालिका होय. जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ यांनीं तिचे अवघे बारा भाग लिहिले, सहा 1975 सालीं आणि सहा 1979 सालीं. टॉर्की या समुद्रकांठच्या गांवीं बेझिल फॉल्टी नांवाचा तिरसट गृहस्थ हॉटेल चालवितो. त्यानें बार्सिलोनाहून मॅन्युएल नांवाचा वेटर आणिला आहे, आणि आणण्याचें मुख्य कारण तो स्वस्त पडतो हें आहे. मॅन्युएलला इंग्रजी येत नाहीं. पाहुण्यांची गैरसोय झाली कीं बेझिल माफी मागितल्याच्या सुरांत एवढेंच सांगतो कीं हा बार्सिलोनाचा आहे.

वरवर पाहतां ही ‘शाब’चीच जात. मॅन्युएलला चपराका बसतात, तो धडपडतो, लोक हंसतात. आणि यांत क्रूरपणा नाहीं असें मी म्हणणार नाहीं. परंतु लेखकांनीं घोटाळ्याची रचना कशी केली आहे तें पाहावें. पहिल्याच भागांत बेझिल तबकांवर लोणी फार झाल्याचें इंग्रजींत सांगतो. तें वाक्य मॅन्युएलच्या कानाला स्पॅनिश भाषेंतील एक-दोन-तीन या अंकांसारखें लागतें, आणि तो मोठ्या नम्रतेनें धन्याचा उच्चार सुधारूं लागतो. त्याच्या बाजूनें तो बरोबर आहे. चूक आहे ती भलत्या भाषेंतली बरोबर गोष्ट. उलट बेझिल आपल्याला अभिजात स्पॅनिश येत असल्याची बढाई मारितो, आणि मॅन्युएलला तें समजलें नाहीं तेव्हां दोष मॅन्युएलच्या गांवढळ बोलीला देतो. आमच्या घरमालकाच्या हिंदीचा हा सख्खा भाऊ. शकार कोण आणि स्थावरक कोण, हें येथें पाहणाऱ्याला पुरतें कळतें.

1979 सालच्या एका भागांत तर गिऱ्हाईकच कानानें अधू आहे. या बाईंजवळ ऐकूं येण्याचें यंत्र आहे, पण त्यांतील बॅटरी संपेल म्हणून त्या तें चालूच करीत नाहींत. आणि कोणी ऐकूं येईल असें बोलत नाहीं म्हणून सगळ्या हॉटेलावर ओरडत सुटतात. त्यांची आणि मॅन्युएलची गांठ पडते तो प्रवेश केवळ खेळकर नाहीं. एकाला भाषा येत नाहीं आणि तो जीव तोडून समजूं पाहतो. दुसरीला ऐकूं येऊं शकतें आणि ती पैसे वांचविते. परकी सेवक आणि देशी गिऱ्हाईक यांच्यामधील भिंतीचें इतकें नेमकें चित्र गंभीर कादंबऱ्यांतहि फारसें सांपडत नाहीं. जातां जातां सांगावयाचें म्हणजे, मॅन्युएलचें काम करणारा अँड्र्यू सॅक्स हा स्पॅनिश नव्हता. तो 1930 सालीं बर्लिनमध्यें जन्मला आणि नाझींच्या छळामुळें 1938 सालीं आईबापांबरोबर इंग्लंडांत आला. नव्या देशांत भाषा नसणें म्हणजे काय, हें त्याला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. आणि स्पेनमध्यें ही मालिका दाखविली गेली तेव्हां तेथल्यांनीं मॅन्युएलला इटालियन करून टाकलें. आपल्या घरचा मनुष्य दुसऱ्याच्या घरीं वेटर झालेला कोणालाच बघवत नाहीं.

मुंबईच्या इराण्याची गोष्ट थोडी निराळी. तोहि परदेशी, यझ्द किंवा केरमानकडून आलेला, आणि त्याचेंहि बोलणें आपल्या थट्टेचा विषय होतें. परंतु गल्ल्यावर तो स्वतः बसे. ‘येथें हें करूं नये, तें करूं नये’ अशा त्याच्या पाट्या गिऱ्हाइकांवर हुकूम चालवीत. मराठी ही ज्यांची मातृभाषा त्या बेने इस्रायल समाजांत जन्मलेले निसीम इझिकेल यांनीं त्या पाट्यांवर इंग्रजींत कविता केली, तींत थट्टा आहे, पण कींव नाहीं. मोडकी भाषा मालकाची असली म्हणजे तिला आपोआप एक रुबाब येतो, आणि गिऱ्हाईक निमूटपणें ब्रुन-मस्का खाऊन उठतें.

हीच भिंत आपल्या माणसाला दुसऱ्या बाजूनें कशी लागते, तें गौरी शिंदे यांच्या ‘इंग्लिश विंग्लिश’ (2012) या हिंदी बोलपटांत पाहावयास मिळतें. पुण्याच्या शशी गोडबोले न्यूयॉर्कच्या एका उपाहारगृहांत साधी कॉफी मागावयास जातात आणि समोरच्या बाईच्या प्रश्नांच्या माऱ्यापुढें गोंधळून, अपमानित होऊन बाहेर पडतात. त्या प्रवेशाला महाराष्ट्रांतल्या किती घरांत डोळे ओलावले असतील! पुढें त्या इंग्रजीच्या वर्गांत जातात. बोलपटाचा भावार्थ शशीबाईंच्या भोंवतीं फिरतो तें योग्यच आहे. पण मला त्या वर्गाच्या हजेरीपटाचें अधिक कौतुक वाटलें. फ्रेंच स्वयंपाकी, मेक्सिकन आया, पाकिस्तानी टॅक्सीवाला, केशकर्तनालयांत काम करणारी तरुणी: बहुतेक सगळे परक्या शहराची सेवाचाकरी करणारे, आणि गिऱ्हाइकाशीं चार शब्द नीट बोलतां यावेत म्हणून दमल्या अंगानें बांकावर येऊन बसलेले. शशीबाई आणि तो फ्रेंच स्वयंपाकी आपापल्या भाषेंत एकमेकांशीं बोलतात, तो भाग थोडा गोड करून सांगितला आहे, असें म्हटलें पाहिजे; खऱ्या शहरांत इतकी सवड कोणाला नसते. तरी दिग्दर्शिकेची दृष्टि खरी आहे. कॉफीच्या प्रसंगीं रडणारा आपला प्रेक्षक घरीं परततांना फाटकावरच्या माणसाला काय म्हणाला असेल, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

त्या वर्गाबाहेरचें जग किरण देसाई यांच्या ‘द इनहेरिटन्स ऑफ लॉस’ (2006) या कादंबरींत आहे. कालिंपाँगच्या एका आचाऱ्याचा मुलगा बिजू न्यूयॉर्कच्या तळघरांतल्या मुदपाकखान्यांतून हिंडतो. वरच्या मजल्यावर फ्रेंच किंवा इटालियन जेवण, खालीं गरीब देशांतले स्वयंपाकी. गिऱ्हाईक त्याला दिसतच नाहीं. आर्नोल्ड वेस्करच्या ‘द किचन’ (1959) या नाटकांतहि लंडनच्या एका उपाहारगृहाचा भटारखाना दिसतो, जर्मन आणि सायप्रसचे लोक भांडतात, आणि जेवणारे रंगमंचावर येतच नाहींत. बिजूची कथा सांगतांना देसाई यांनीं त्याच कादंबरींत गोरखालँडच्या चळवळीला जागा दिली आहे. एकाच पुस्तकांत आपला माणूस दुसऱ्याच्या देशांत परका, आणि आपल्याच देशांत जन्मलेला नेपाळी माणूस परका; ही जोडणी सहज साधलेली नाहीं, आणि तीच त्या कादंबरीची मोठी कमाई आहे.

नेपाळी वाङ्मयांत या विषयाची कमतरता नाहीं. परदेशीं पलटणींत चाकरीला गेलेल्याला त्यांच्याकडे ‘लाहुरे’ म्हणतात, मुळांत लाहोरला गेलेला तो. आणि लक्ष्मीप्रसाद देवकोटा यांचें ‘मुनामदन’ (1936) हें त्यांचें सर्वांत लोकप्रिय काव्य, पैसा मिळविण्यासाठीं ल्हासाला निघालेल्या एका नवऱ्याचें आणि मागें राहिलेल्या त्याच्या बायकोचें आहे. लिपि आपलीच असल्यामुळें मराठी वाचकाला तें पुस्तक निदान अक्षर लावून वाचतां तरी येईल. तेथें हा मनुष्य पुरीं वाक्यें बोलतो. डोंगर उतरून ज्या सपाट मुलखांत चाकरीला जावयाचें, त्याला त्या भाषेंत जुना शब्द आहे ‘मुगलान’. त्या मुगलानांत आपली मुंबई येते, पुणें येतें, आणि फाटकाच्या आंतल्या बाजूचे आपणहि येतों.